इम्प्लांटभोवती रक्त येतंय, पण दुखत काहीच नाही. काढावा लागेल का?

बेदाणा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

खालच्या जबड्यात उजवीकडे पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी २०१९ साली इम्प्लांट (हाडात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू, वर कॅप) बसवला. मूळ दाढ किडून नव्हे, पायोरियानं हलायला लागून गेली होती. इम्प्लांटबद्दल इतकी वर्षं तक्रार म्हणून नाही. भाकरी, शेंगदाणे, चिक्की, सगळं त्याच बाजूनं खाते. गेल्या दिवाळीपासून ब्रश करताना त्या कॅपच्या आतल्या अंगाला, जिभेकडे, रक्त दिसायला लागलं. दुखत नाही, हलत नाही, गारगरम लागायचा प्रश्नच नाही कारण आत नस नाही. फक्त सकाळी हिरडी बोटानं दाबली की पांढरट थेंब येतो आणि तोंडात खारट, कुबट चव राहते.

ज्यांनी बसवला ते डॉक्टर गाव सोडून गेले. इथल्या एका दवाखान्यात सांगितलं, "हिरडी सुजलीय, माउथवॉश वापरा." जिल्ह्याच्या गावी दुसरीकडे दाखवलं तर त्यांनी मोठा एक्स-रे काढला आणि म्हणाले, "पेरी-इम्प्लांटायटिस आहे, हाड गेलंय. काढू, हाडाची पावडर भरू, मग नवा घालू." खर्चाचा आकडा ऐकून मी पर्स उचलली आणि घरी आले.

एक म्हणतो गुळण्या करा, दुसरा म्हणतो उपटा. यातलं खरं कोणतं, ते मला कसं कळणार? आणि टायटॅनियम किडत नाही म्हणून तर एवढे पैसे घातले, मग त्याला आजार होतोच कसा? मला मधुमेह आहे, शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ७.९. तंबाखू, मशेरी काही नाही.

---

खानावळ_बंद_आहे

ताई, हळद, मीठ आणि मोहरीचं तेल. रात्री झोपताना बोटानं चोळा. आमच्या आजीचे नव्वदीतही सगळे दात शाबूत होते. हे डॉक्टर लोक स्क्रू घालायचेही पैसे घेतात आणि काढायचेही.

---

हिरडीमास्तर

खानावळवाले, आजींना नमस्कार, पण त्यांच्या तोंडात इम्प्लांट नव्हता. ताईंचा पू इम्प्लांट आणि हिरडीमधल्या खाचेत खोलवरून येतोय. वरून चोळलेली हळद तिथवर पोचत नाही, आणि त्याच कारणानं नुसता माउथवॉशही पोचत नाही. चिकटून बसलेला जंतूंचा थर खरवडूनच काढावा लागतो. क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक माउथवॉशच्या) गुळण्या थोडे दिवस जोडीला ठीक. महिनोन् महिने केल्या तर दात तपकिरी होतात आणि चव जाते, एवढंच.

मी हिरड्यांचा डॉक्टर आहे, मिरजेत प्रॅक्टिस करतो. ताई, "टायटॅनियमला आजार कसा" हा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात. टायटॅनियमला काही होत नाही. आजार होतो त्याच्या भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला.

खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो आणि हिरडीतले तंतूही आडवे जाऊन मुळाच्या पृष्ठभागात घट्ट शिवलेले असतात. इम्प्लांटला हा थरच नाही, हाड थेट धातूला धरतं. स्वीडनमधल्या ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना हेच दिसलं होतं, घातलेलं टायटॅनियम हाडातून सुटेना. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले. हाडाची पकड इतकी उत्तम असते की त्या भरात हिरडीकडे कोणाचं लक्ष जात नाही. इम्प्लांटभोवती हिरडीचे तंतू धातूला समांतर किंवा गोल फिरून असतात, त्यात घुसत नाहीत. सदऱ्याची कॉलर गळ्याला टेकते पण शिवलेली नसते, तसं. शिवाय तंतूंचा थर नाही म्हणजे त्यातून येणारा रक्तपुरवठाही नाही. त्यामुळे कॉलरपाशी जंतूंचा थर साचला की सूज खाली सरकताना वाटेत अडवणारं फारसं कोणी नसतं, ती थेट हाडाशी जाऊन भिडते.

आता तुमच्या दोन डॉक्टरांकडे येतो. सूज हिरडीपुरती असेल, म्हणजे रक्त, लाली, फुगवटा आहे पण हाड जागेवर आहे, तर ती म्युकोसायटिस. नीट साफसफाई झाली तर ती परत फिरते, मात्र काही आठवडे घेते. सुजेसोबत हाडही उतरत चाललं असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस. तिथं गेलेलं हाड आपोआप परत येत नाही आणि पुढची झीज सरळ रेषेत न होता वेग घेत जाते. दोन्हींत दुखणं बहुधा नसतंच. "हलत नाही" यावरही निर्धास्त राहू नका. खऱ्या दाताचं हाड कमी झालं की तो हलू लागतो, पण इम्प्लांट तळाशी थोडं हाड उरलं तरी खांबासारखा घट्ट उभा राहतो. तो ज्या दिवशी हलतो त्या दिवशी बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं. (कधीकधी नुसती वरची कॅप ढिली होऊन हलते, ती गोष्ट वेगळी. स्क्रू आवळला की काम भागतं.)

तुम्हाला काय झालंय हे इथं बसून मला सांगता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर नुसता मोठा एक्स-रे बघून तिकडेही सांगता यायला नको होतं. सगळा जबडा दाखवणाऱ्या त्या ओपीजीत एका इम्प्लांटचे आटे धूसर येतात. दोन गोष्टी करून घ्या.

पहिली, प्रोबिंग. बारीक, खुणा केलेली सळई खाचेत हलक्या हातानं घालून सहा जागी खोली मोजतात. बरेच जण इम्प्लांटला प्रोब लावायला कचरतात. लावू द्या, हिरडी काही दिवसांत पुन्हा टेकते. दुसरी, त्याच एका दाताचा छोटा एक्स-रे, आयओपीए. तो सरळ काढलेला हवा. दोन्ही बाजूंचे आटे करकरीत, सुटे दिसले तर सरळ आलाय. आटे एकमेकांत मिसळून पुसट दिसले तर परत काढायला सांगा, लाजू नका.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट तुमच्या घरातच असेल: २०१९ला कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे. सुरुवातीला हाड थोडं खाली बसतं, ते सगळ्यांचंच बसतं, तो आजार नव्हे. त्यामुळे आजचा फोटो कशाशी तरी ताडून बघावा लागतो. २०१७च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हेच धरलंय. जुना फोटो नसेलच तर नाइलाजानं ठोकताळा असा: खाच ६ मिमी किंवा जास्त, हाड ३ मिमी किंवा जास्त खाली, आणि प्रोबला रक्त किंवा पू. फाइल शोधा. त्यातच इम्प्लांटचं छोटं कार्ड किंवा स्टिकर असेल, कंपनी, व्यास, लांबी लिहिलेलं. लांबी कळली की एक्स-रेवर मापाला आधार मिळतो.

---

वळणाचा_घाट

हिरडीमास्तरांना +१. यातून मी गेलोय म्हणून लिहितो.

माझा वरचा, डावीकडचा. तक्रार डिट्टो ताईंसारखी, दुखणं शून्य. दोन खाजगी ठिकाणी काढायचा सल्ला मिळाल्यावर एका डेंटल कॉलेजच्या पेरिओ (हिरड्यांच्या) विभागात गेलो. वेळ लागतो, रांग असते, विद्यार्थी आळीपाळीनं तोंडात डोकावतात. पण मोजतात व्यवस्थित, एक जण आकडे सांगतो, दुसरा लिहितो. माझी कॅप सिमेंटनं चिकटवलेली होती. हिरडी उघडल्यावर मॅडमनी चिमट्यानं काहीतरी काढून गॉजवर ठेवलं आणि आरशात दाखवलं. दोन-तीन मिलिमीटरचा पिवळट पापुद्रा. कॅप बसवताना हिरडीखाली गळालेलं सिमेंट! इतकी वर्षं तिथंच होतं आणि त्याच्या खडबडीत अंगावर कीटण चढत होतं.

नंतर काय होतं तेही ऐकून ठेवा, कारण आधी कोणी सांगत नाही. सूज उतरली की हिरडीही उतरते. माझ्या कॅपखाली आता करडी धातूची पट्टी दिसते आणि फटीत मेथीची भाजी हमखास अडकते. बायको म्हणते हसताना दिसतं. दिसू दे. इम्प्लांट आहे, पू नाही.

---

खानावळ_बंद_आहे

बरं बुवा, हळद मागे घेतो. पण मग ॲझिथ्रो किंवा मेट्रोची गोळी घेतली तर? पू म्हटला की अँटिबायोटिक आलंच ना?

---

हिरडीमास्तर

नाही आलं. युरोपियन हिरडी-महासंघाच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही साफसफाईच्या जोडीला सरसकट गोळ्या देऊ नका असंच आहे. आट्यांवर थर तसाच ठेवून गोळ्या घेतल्या तर पू तात्पुरता कमी होतो, पेशंट खूश होतो आणि वर्षभरानं उरलेलं हाड घालवून परत येतो. गाल सुजला, ताप आला तर गोष्ट निराळी, तेव्हा डॉक्टर देतील त्या घ्या.

घाटवाल्यांचा सिमेंटचा मुद्दा महत्त्वाचा. ताई, तुमची कॅप स्क्रूची आहे की चिकटवलेली? चावायच्या बाजूला मध्यभागी छोटं गोल, वेगळ्या रंगाचं भरण दिसत असेल तर बहुधा स्क्रूची.

---

बेदाणा

मंडळी, उशीर झाला, मार्चएंडच्या गडबडीत होते. फाइल सापडली, माळ्यावर लग्नाच्या अल्बमखाली. जुना एक्स-रे आहे, कार्डपण आहे. इम्प्लांट १० मिमी लांबीचा. गोल भरण दिसतं, म्हणजे स्क्रूची कॅप.

एका हिरडीतज्ज्ञ मॅडमकडे मोजून घेतलं. खाच गालाकडे ४ आणि ५ मिमी, जिभेकडे ७, तिथं लगेच रक्त आणि पू. नवा छोटा एक्स-रे जुन्याशेजारी लावून दाखवला. जुन्यात हाड पहिल्या आट्यापाशी, आता मागच्या बाजूला त्याहून साधारण अडीच मिमी खाली. पण एक कोडं आहे. पुढच्या बाजूला हाड जवळजवळ होतं तिथंच दिसतं, आणि जिभेकडे तर एक्स-रेत काही दिसतच नाही. मग ७ कसे?

मॅडम "काढायची घाई नको" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात बोलावलंय. बरोबर चाललंय ना?

---

हिरडीमास्तर

कोडं सोपं आहे. छोट्या एक्स-रेत फक्त पुढची आणि मागची बाजू दिसते. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड इम्प्लांटच्या सावलीआड जातं. हाड बहुतेक वेळा इम्प्लांटभोवती खळग्यासारखं उतरतं, त्यामुळे जिभेकडेही गेलेलं असणार. ते प्रोबनंच कळतं, म्हणून दोन्ही करायला सांगितलं होतं.

तर पेरी-इम्प्लांटायटिस आहेच. दुसऱ्या डॉक्टरांचं निदान बरोबर निघालं, उपायाची घाई चुकीची. १० मिमीपैकी अडीच मिमी गेलंय, इम्प्लांट घट्ट आहे, तुम्ही त्यावर चिक्की खाताय. असा इम्प्लांट मी तरी काढणार नाही. जवळजवळ तळापर्यंत हाड गेलं असतं किंवा तो हलत असता तर गोष्ट वेगळी होती.

मॅडम बहुधा आधी कॅप उघडतील. कॅप काढल्यावर जिभेकडची खाच डोळ्यांना दिसते आणि हत्यार नीट पोचतं. टायटॅनियमच्या क्युरेटनं (खरवडायच्या हत्यारानं), अल्ट्रासॉनिकनं किंवा बारीक पावडरच्या फवाऱ्यानं आटे साफ करतील. कॅपचा आकार खाली जास्त फुगीर असेल तर तो घासून कमी करून घ्या. कितीही इच्छा असली तरी ब्रशला जागाच नसेल तर तुम्ही काय करणार? मग दीड ते तीन महिन्यांनी परत मोजतील. ७चे ५ झाले, पू थांबला, तर तेवढ्यावर भागेल. खाच ६ किंवा जास्त राहिली आणि रक्त येत राहिलं तर हिरडी उघडून साफ करावी लागेल. खोल खाचेत नुसत्या वरच्या सफाईनं पूर्ण यश थोड्यांनाच येतं, त्यामुळे शस्त्रक्रियेचं नाव निघालं तर फसवणूक समजू नका. हाडाची पावडरही लागेलच असं नाही. खळग्याला भिंती उरल्या असतील तर तिचा उपयोग, नाहीतर पैसे पाण्यात.

तुमची मूळ दाढ पायोरियानं गेली ही बाब मला शुगरपेक्षा जास्त खटकते. ज्यांना तो आधी झालाय त्यांच्या इम्प्लांटला हा धोका स्पष्ट जास्त असतो. शुगरबद्दलचे पुरावे तितके ठाम नाहीत, तरी ७.९ खाली आणाच, जखम भरायला ते लागतं. बाकीच्या सगळ्या दातांच्या खाचाही मोजून घ्या. शेजारच्या दातात पू ठेवून एकट्या इम्प्लांटची सफाई टिकत नाही. आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवणं चुकवू नका.

---

बेदाणा

मोजले. शेजारच्या दाढेलाही ५ आहे. तिचंही स्केलिंग त्याच दिवशी करणार आहेत. घरी नेमका कुठला ब्रश? दुकानदारानं सात रंगांचे दाखवले.

---

हिरडीमास्तर

तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला इंटरडेंटल ब्रश. उघडी तार धातूवर ओरखडे काढते. फटीत किंचित घट्ट जाईल तो आकार, रंग मॅडम तोंडात घालून बघूनच ठरवतील, कारण पुढच्या आणि मागच्या फटीला वेगवेगळा लागू शकतो. जिभेकडे एका झुपक्याचा बारीक ब्रश, आरसा धरून, रोज रात्री. सुरुवातीला रक्त येईल, म्हणून थांबू नका.

पुढच्या आठवड्यात जाताना ते कार्ड बरोबर न्या, किंवा आजच त्याचा फोटो मॅडमना पाठवा. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचा पेचकस वेगळा असतो. तो दवाखान्यात नसला तर कॅप त्या दिवशी निघणार नाही आणि तुमची चक्कर फुकट जाईल.