मदत हवी आहे: दगड-चिखलाच्या लोंढ्याची पूर्वसूचना कशी द्यायची?

मंडळी, डोंगरातल्या ओढ्यांलगत राहणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत माहितीपत्रक तयार करतोय, आणि एका मुद्द्यावर अडलोय.

वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ ला दरड कोसळली ती वर डोंगरात, पण दगड, चिखल, उन्मळलेली झाडं नदीच्या वाटेने सुमारे ८ किलोमीटर खाली आली. म्हणजे घरामागचा उतार पक्का असून भागत नाही, वरचं अख्खं पाणलोट बघावं लागतं. लोकांना हेच पटवणं सगळ्यात अवघड जातं.

खुणा लिहिल्यात: पाणी अचानक गढूळ होणं, वरून गडगडाट ऐकू येणं. आणि भर पावसात ओढा एकाएकी आटणं! पूर ओसरला असं वाटतं, पण वर मलबा अडून पाणी तुंबलेलं असू शकतं. अशा वेळी ओढ्यापासून आडव्या दिशेने उंचावर जायचं.

आता प्रश्न. किती पाऊस झाला की घरं सोडायला सांगायचं? तासाभराचा जोर बघायचा, की आधीच्या दिवसांत मुरलेलं पाणीही धरायचं? शिवाय मोठे दगड अडवून पाणी सोडणारे फटींचे बंधारे कुणी प्रत्यक्ष सांभाळलेत का? अडलेला मलबा वेळेवर उपसला नाही तर ते निकामी होतात. तो उपसतं कोण, खर्च कोण करतं? माहीत असेल त्यांनी जरूर लिहा, पत्रक पावसाळ्याआधी वाटायचंय.