हाउसबोटीवर मुक्काम असताना शहर कसं पाहिलंत? तुमचा एक दिवस लिहा

मे महिन्यात आम्ही पाच जण श्रीनगरला चाललोय. दोन रात्री हाउसबोटीवर राहणार. सोबत सासूबाई आहेत, वय ७२, गुडघे दुखतात. शिवाय आठ वर्षांची लेक. कुठे कुठे जायचं याच्या याद्या भरपूर मिळाल्यात, त्या नकोत. तुमचा तो एक दिवस कसा गेला ते हवंय: सकाळी बोटीतून बाहेर कसे पडलात, कोण दमलं, काय सोडून दिलंत, संध्याकाळी परत कसे आलात. श्रीनगरच हवं असं नाही. पाण्यावर राहून कुठलंही शहर पाहिलं असेल तर लिहा. लांबलं तरी चालेल.

* * *

आम्ही जूनमध्ये दल लेकवर होतो, आई-बाबांना घेऊन. तुमच्या सासूबाईंसाठी पहिली गोष्ट शिकाऱ्यात, म्हणजे बोटीवरून काठावर नेणाऱ्या छोट्या होडीत, चढण्याची. पाय कडेवर पडला की शिकारा कलतो आणि म्हातारं माणूस घाबरतं. आमच्या शिकारेवाल्या चाचांनी आईला छान शिकवलं: पाय बरोबर मधोमध ठेवायचा आणि लगेच खाली बसायचं, उभं राहून इकडेतिकडे बघायचं नाही. त्यांनी तिचा पंजा न धरता मनगट धरलं. दुसऱ्या दिवशी आई स्वतःहून मनगट पुढे करत होती.

पहाटे साडेचारला भाजीबाजाराला निघालो. जून असूनही शाल लागली. अंधारात वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता, मग एका वळणावर एकदम पन्नासेक होड्या दिसल्या. विकणारे नि घेणारे दोघेही होडीत, एका होडीतून दुसरीत पाय टाकत भाव करत होते. एक जण नदरूच्या, म्हणजे आपल्या कमळकाकडीच्या, जुड्या होडीच्या कडेवर आपटून चिखल झाडत होता, तळ्यातच खळखळून धूत होता आणि शेजारच्या होडीत फेकत होता. यातली बरीच भाजी तळ्यातल्याच तरंगत्या वाफ्यांवर होते. पाणवनस्पती आणि गाळ यांचे थर रचून ते वाफे करतात. ऊन येईपर्यंत बाजार उठलासुद्धा. हे चुकवू नका, बाकी काहीही चुकलं तरी चालेल.

परत येऊन गिरदा, म्हणजे तिथली तंदूरची रोटी, लोणी आणि कहवा हा काश्मिरी चहा. मग साडेनऊला पुन्हा शिकारा, घाटावर गाडी. बोटीवर राहण्यातली मेख इथे आहे: हॉटेलसारखं ‘जरा खोलीवर जाऊन येते’ जमत नाही. स्वेटर विसरला तर पुन्हा शिकारा बोलवा. म्हणून औषधं, शाल, लेकीचा कपड्यांचा एक जोड, सगळं सकाळीच पिशवीत.

शंकराचार्य मंदिराला गाडी जाते तिथून पुढे अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मोबाईल वर नेऊ देत नाहीत. बाबा चढले. आईने पायऱ्या बघितल्या आणि गाडीतच बसली. वरून झेलमची वळणं नि अख्खं तळं दिसतं, आमची बोट कुठली ते शोधण्यात मुलांचा वेळ छान गेला.

नंतर बागा. शालिमार आणि निशात दोन्ही एका दिवसात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वडीलधारी माणसं असतील तर निशात. १६३३ मध्ये नूरजहाँच्या भावाने, असफ खानाने, केलेली ही बाग बारा टप्प्यांच्या उतारावर आहे, मागे झबरवानचा डोंगर, समोर तळं. खालच्या टप्प्यावर चिनाराखाली बसलं तरी पाण्याचे पाट नि तळं दोन्ही दिसतं. आई तिथे दीड तास बसली, तोवर आम्ही वरपर्यंत जाऊन आलो. शालिमार सोडलं, त्याची चुटपुट कोणालाच लागली नाही.

आमच्या ड्रायव्हरने जेवणानंतर न विचारता शालीच्या दुकानात नेलं, तासभर गेला. सकाळीच ठाम सांगा की खरेदी आज नाही.

* * *

महत्त्वाचं: आपल्याकडचं प्रीपेड सिम आमच्या वेळी श्रीनगरला चाललं नाही, फक्त पोस्टपेड. मी आणि मुलगा जामा मशीद बघायला गेलो. देवदाराचे साडेतीनशेहून जास्त खांब, प्रत्येक खांब एकाच झाडाचा. मुलाने एका खांबाला मिठी मारून पाहिली, हात पुरले नाहीत. तिकडे बायकोकडे बोटीवर प्रीपेड फोन, म्हणजे उशीर होतोय हे कळवायची सोय नाही. परतताना आणखी गडबड झाली. बोटीचं नाव सांगितलं तर रिक्षावाला विचारतो, घाट कुठला? दल लेकच्या काठच्या बुलेव्हार्ड रोडवर घाटांना नंबर आहेत. बोटीच्या नावाबरोबर घाटाचा नंबर घरातल्या प्रत्येकाला, लेकीलासुद्धा, पाठ असू द्या.

* * *

माझा अनुभव अ‍ॅमस्टरडॅमचा. मुलगा आइंडहोवनला असतो, त्याने प्रिन्सेनग्राख्त कालव्यावर दोन रात्रींसाठी बोट घेतली होती. झोपायच्या खोलीची खिडकी पाण्यापासून वीतभर वर. उशीवर डोकं ठेवलं की बदक डोळ्यांच्या रेषेत येतं. पर्यटकांची मोठी बोट गेली की कपातला चहा हलायचा, नातीला त्याचंच कौतुक.

नातीचा पहिला प्रश्न: आजोबा, इथलं संडासचं पाणी कुठे जातं? तो प्रश्न घेऊनच आम्ही त्याच कालव्यावरच्या हाउसबोट संग्रहालयात गेलो. ‘हेंड्रिका मारिया’ ही १९१४ ची मालवाहू बोट, पूर्वी वाळू आणि खडी वाहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात घरांची टंचाई होती, जुन्या मालवाहू बोटी रिकाम्या पडत होत्या, म्हणून लोक त्यांत राहू लागले. आणि हो, आता बोटी शहराच्या सांडपाण्याच्या वाहिन्यांना जोडल्या आहेत. नातीचं समाधान झालं.

नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकचं घर आमच्यापासून पाच मिनिटांवर. आत जाता आलं नाही. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि आम्ही उशिरा बघितलं. ही आमची चूक, फार लागली. पण शेजारच्या वेस्टरकर्क चर्चच्या मनोऱ्याची घंटा दर पाव तासाला वाजते. १९४२ मध्ये लपायला आलेल्या अ‍ॅनला याच मनोऱ्याचे टोले ऐकू यायचे. रात्री बोटीत दिवे मालवल्यावर ते टोले ऐकले. मी आणि बायको बराच वेळ काही बोललो नाही.

* * *

गुडघ्यांवरून आठवलं म्हणून लिहितोय. आम्ही श्रीनगरच्याच नगीन लेकवर होतो, सोबत आजी, तेव्हा ७८ वर्षांची. एक चक्कर बागेला झाली आणि आजी म्हणाली, मला बोटीवर सोडा. हाउसबोटीच्या मागेच मालकांचं कुटुंब डोंग्यात, म्हणजे राहत्या होडीत, राहायचं. आम्ही संध्याकाळी परतलो तर आजी तिच्या खोलीत नाही! सगळे घाबरलो. शेवटी मागून आवाज आला.

मालकांच्या अम्मींच्या चुलीशेजारी सतरंजीवर आजी बसली होती. समोर समावार, म्हणजे चहाचं भांडं, कपात गुलाबी नून चाय, त्यात मीठ. आजीला धड हिंदी येत नाही, अम्मी काश्मिरीच बोलत होत्या. अम्मींनी आपला गुडघा दाबून तोंड वाकडं केलं, आजीने आपला उजवा दाखवला. मग अम्मींनी कसलंसं तेल आणलं आणि दोघी आपापले गुडघे चोळत बसल्या. आजी आयुष्यभर साखरेचा चहा प्यायलेली, पण त्या मिठाच्या चहाचे तिने दोन पेले घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुलमर्गला गेलो. आजी आली नाही.