खचलेली वस्ती पुन्हा उभी करताना : तुमचे अनुभव सांगा

एखादी वस्ती एका दिवसात खचत नाही. आधी कोपऱ्यावरचा दिवा जातो आणि आठ महिने तसाच राहतो. मग बंद घरापुढे कोणीतरी रात्रीत राडारोडा टाकून जातं. ज्यांना परवडतं ते घर बदलतात, उरलेल्यांना लोक विचारायला लागतात, "अजून तिथेच राहता?" पुढे कधीतरी पालिकेला किंवा एखाद्या संस्थेला त्या भागाची आठवण होते, नकाशे टांगले जातात आणि 'लोकसहभाग' हा शब्द कानावर येतो.

त्या शब्दाच्या आत प्रत्यक्ष काय घडलं, ते मला ऐकायचंय. तुम्हाला काय विचारलं, कधी विचारलं, तुम्ही काय सांगितलं आणि त्यातलं झालं काय? फसलेलं असेल तर तेच आधी लिहा. गावांची, माणसांची नावं नकोत, नाहीतर अर्धी चर्चा त्यावरच खर्ची पडेल.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे सर्वेक्षणाचा फॉर्म आला. प्रश्न असा, की मोकळ्या जागेत तुम्हाला काय आवडेल : कारंजं, शिल्प की फुलझाडं? त्या आठवड्यात गटार तुंबून पाणी आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. शेजारच्या आजींनी तिन्ही चौकोनांवरून आडवं लिहिलं, 'आधी गटार'. त्यांचा फॉर्म बाद झाला. अहवालात छापून आलं, 'रहिवाशांची कारंज्याला पसंती'. कारंजं एक पावसाळा चाललं. आता त्या हौदात डासांची पैदास होते.

लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यांत वर लोकांच्या हाती कारभार, सगळ्यांत खाली लोकांना नुसतं खेळवणं. आमचा फॉर्म तळाच्या पायरीवर पाय पसरून बसला होता.

दिवेलागण :

आमच्याकडे बैठकांची वेळ सकाळी अकराची असायची, तीही कामाच्या दिवशी. साहजिकच यायचे ते निवृत्त पुरुष, आणि मागायचे पार्किंग. चार बैठका अशाच गेल्या. मग नवीन आलेल्या एका मुलीने (ती नियोजन शिकून नुकतीच कामाला लागली होती) बैठकच रद्द केली आणि निरोप दिला, 'रात्री आठला बस थांब्यावर या, घरापर्यंत बरोबर चालत जाऊ.'

आम्ही चौदा बायका आणि पाच-सहा पोरं जमलो. प्रत्येकीच्या हातात खडू. अट एकच : जिथे तुमची चाल आपोआप वाढते, तिथे जमिनीवर फुली मारायची. कोणीही बोलायचं नाही. थांब्यापासून वस्तीच्या तोंडापर्यंत सतरा फुल्या पडल्या आणि त्यातल्या नऊ एकाच भिंतीलगत. बंद कारखान्याची ती उंच भिंत. तिच्यापलीकडे कोणी आहे की नाही हे कळायचं नाही आणि आपल्याला काही झालं तर कोणाला दिसायचंही नाही. मी त्या रस्त्याने अकरा वर्षं जात होते. 'भिंतीची भीती वाटते' हे वाक्य मला कुठल्याही फॉर्ममध्ये सुचलं नसतं.

भिंत कंबरेएवढी ठेवली आणि वर जाळी बसवली. दोन दिवे रस्त्याऐवजी पदपथाकडे वळवले. एवढंच. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी 1961 मध्येच लिहून ठेवलंय, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्याच्यावर असलेले डोळे. आमच्या रस्त्याला डोळेच नव्हते.

पाठमोरा :

आम्ही बाक मागितले. मिळाले. सगळे भिंतीकडे तोंड करून! कंत्राटदार म्हणाला, नकाशात बाण तसाच होता. लोक आता बाकाच्या पाठीवर बसतात आणि पाय बसायच्या जागेवर ठेवतात.

पाणसळ :

मी टेबलाच्या पलीकडचा, म्हणजे नकाशे काढणारा. त्यामुळे जरा सबुरीने घ्या.

पहिल्या वस्तीत आम्ही पांढऱ्या पुठ्ठ्याचं देखणं मॉडेल नेलं. सात-आठ वर्षांच्या मुलीने ते चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "यात आमचं घर कुठंय?" नव्हतंच. त्या जागी आम्ही झाडं लावली होती. तिची आई काही बोलली नाही, मुलीचा हात धरून निघून गेली. तो प्रकल्प पुढे कागदावरच राहिला आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

नंतर मला कराचीतल्या ओरंगी या गरीब वस्तीबद्दल कळलं. समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी 1980 मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हा त्यांचं एकक वस्ती नव्हतं, गल्ली होतं. वीस-तीस घरांची एक गल्ली. घरातला संडास आणि गल्लीतली गटारवाहिनी लोकांनी स्वतःच्या पैशांनी बांधायची, मोठ्या वाहिन्या आणि नाले सरकारने सांभाळायचे. तांत्रिक मदत आणि अवजारं खान यांच्या संस्थेची. गल्ली हे एकक का, ते मला पुढच्या कामात उमगलं. तीनशे घरांच्या सभेत माणूस भाषण करतो. वीस घरांत त्याला शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहून बोलावं लागतं.

आमच्या एका गल्लीत उताराचं भांडण लागलं. वरच्या घराचे काका ठाम होते, की पाणी त्यांच्याच दारात साचणार. नकाशातले आकडे दाखवले, त्यांनी बघितलेही नाहीत. शेवटी तिथल्याच गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक काकांच्या हातात दिलं आणि दुसरं गल्लीच्या तोंडाशी धरलं. दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर खूण केली आणि खुणेपासून जमिनीपर्यंत टेप लावला. काकांकडचं अंतर हातभर कमी भरलं, म्हणजे त्यांची जमीन तेवढी वर. काकांनी तीनदा मोजायला लावलं. तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाले, "बरं, खणा." मी पाच वर्षं शिकलो आणि गल्ली तयार झाली ती नळीने. माझं इथलं नाव तेव्हाचं.

खडीसाखर :

@पाणसळ, हात जोडले. पण सरकारने आपलं काम सोडून लोकांच्या गळ्यात मारायलाही हेच उदाहरण वापरतात. गटार बांधणं ही काही गरिबांनी हौसेने करायची गोष्ट नाही.

पाणसळ :

मान्य. म्हणून तर ओरंगीत विभागणी होती. आमच्याकडे गल्लीतली वाहिनी पूर्ण झाली आणि पुढची मोठी वाहिनी यायला अडीच वर्षं लागली. तोवर आमचं पाणी जुन्याच नाल्यात जात होतं. हे आधी लिहायला हवं होतं.

चौथा महिना :

आमच्याकडे एक ओसाड प्लॉट होता. राडारोडा, गाद्या, काचा. फिलाडेल्फियात 541 रिकाम्या जागांवर एक प्रयोग झाला, 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कुठली जागा साफ करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. कचरा उचलायचा, जमीन सपाट करायची, गवत, थोडी झाडं आणि भोवती बुटकं लाकडी कुंपण, ज्यातून आत जाता येईल असं. गरीब वस्त्यांमध्ये अशा जागांभोवतीचे बंदुकीचे गुन्हे 29 टक्क्यांनी कमी झाले. हे वाचून आम्ही पेटलो. दोन रविवारांत प्लॉट स्वच्छ. फोटोही काढले.

आम्ही वाचलं नव्हतं ते हे, की तिथे दर महिन्याला देखभाल होत होती, आणि ती पगारी लोक करत होते. आमच्याकडे पाळीचा तक्ता होता. पहिला महिना सगळे आले, दुसऱ्यात निम्मे, चौथ्या महिन्यात मी आणि माझा भाऊ. पाचव्यात पहिली गादी परत आली. मग वर्गणी काढून शेजारच्याच एका मुलाला महिन्याला चार दिवस कामावर ठेवलं, तेव्हापासून टिकून आहे. स्वयंसेवा सुरुवातीला ठीक. गवत मात्र दर महिन्याला वाढतं.

भाडेकरू :

माझा अनुभव यशाचा आहे, म्हणून लिहायला जड जातंय.

सहा वर्षं समितीत होते. दिवे आले, रस्ता आला, दोन बंद घरं उघडून वाचनालय झालं. भिंतीवरचं चित्र रंगवताना पडलेला निळा डाग माझ्या चपलेवर अजून आहे. करार संपला तेव्हा मालक म्हणाले, "आता हा भाग पहिल्यासारखा राहिला नाही ना." अगदी कौतुकाने म्हणाले. नवं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. समितीतले सात भाडेकरू दोन वर्षांत गेले, राहिले ते सगळे घरमालक. सहा वर्षांत एकाही बैठकीत 'भाडं' हा विषय निघाला नव्हता. मीही काढला नव्हता, तेव्हा ते कुरकुर केल्यासारखं वाटलं असतं.

बॉस्टनच्या डडली स्ट्रीट या वस्तीबद्दल मला नंतर समजलं. 1984 मध्ये तिथलं काम सुरू झालं. बाहेरच्या संस्थांनी आखलेल्या मंडळात रहिवाशांना मोजक्याच जागा होत्या, तेव्हा लोकांनी भर सभेत हरकत घेऊन बहुमत आपल्याकडे घेतलं. पहिली मोहीम बेकायदा कचरा टाकणाऱ्यांविरुद्ध. आणि 1988 मध्ये शहराने त्यांना ओसाड पडलेली खासगी जमीन सक्तीने संपादित करायचा अधिकार दिला. ती जमीन वस्तीच्या ट्रस्टकडे. घर विकता येतं, पण खालची जमीन ट्रस्टचीच राहते आणि किमतीवर मर्यादा असते. म्हणजे भाग सुधारला म्हणून तिथल्या माणसाला उठावं लागत नाही. आम्ही दिव्यांसाठी भांडलो तेव्हाच जमिनीसाठीही भांडायला हवं होतं.

तिरकस :

'लोकांना विचारा' म्हणताना लोक म्हणजे कोण, हेही बघा. आमच्या सभेने एकमताने ठराव केला, की पायऱ्यांवर बसणारी पोरं घालवा. पायऱ्याच तोडल्या. पोरं पाण्याच्या टाकीमागे गेली, तिथे अंधार होता, आणि मग खरोखरचे उद्योग सुरू झाले. त्या पोरांपैकी एकालाही सभेला बोलावलं नव्हतं. त्यांतला एक आज माझा जावई आहे, त्यामुळे ही माहिती पक्की.

आणि दुसरं, विचारून गेलेला माणूस उत्तर घेऊन परत येतो का? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रीत 1989 पासून लोक पालिकेच्या खर्चाचा काही भाग ठरवू लागले, तेव्हा वर्षाच्या पहिल्या सभांमध्ये गेल्या वर्षीच्या कामांचा हिशोबही मांडला जायचा. आमच्याकडे हिशोबाच्या सभेची तारीख अजून जाहीर व्हायचीय, विचारून नऊ वर्षं झाली.

उंबरठा (धाग्याची लेखिका) :

@भाडेकरू, आता जिथे राहता तिथेही समिती आहे का? गेलात का तिच्यात?

भाडेकरू :

आहे. गेले. पहिल्याच बैठकीत भाड्याचा विषय काढला. शांतता पसरली. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "माझा करार मार्चमध्ये संपतोय." मग दुसऱ्या बोलल्या. त्या दिवशी दिव्यांचा विषय राहूनच गेला.

दिवेलागण :

आम्ही गेल्या महिन्यात पुन्हा खडू घेऊन चाललो. सतरापैकी चार फुल्या उरल्यात. एक नवीन पडली, जिथे बाक बसवलेत तिथे. @पाठमोरा, आमचेही भिंतीकडेच तोंड करून आहेत.