टेम्पीच्या अंगणातला फलक

आत्या (डोंबिवली): सर्वांना नमस्कार. सूनबाईंनी काल टाकलेली गौरींच्या सजावटीची छायाचित्रे फार सुरेख आहेत. मात्र चौथ्या छायाचित्रात खिडकीबाहेर, अंगणात, निवडणुकीचा एक फलक रोवलेला दिसतो. त्यावरच्या नावाचा मी शोध घेतला. त्या बाई अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या विधिमंडळासाठी उभ्या आहेत आणि ‘मी कोणताही धर्म मानत नाही’ असे प्रचारात उघडपणे सांगतात, असे वाचले. घरात गौरी आणि अंगणात हा फलक, याचा मेळ मला लागेना. परक्या मुलखात असे चारचौघांत दिसणे सुरक्षित तरी आहे का, हे मी केवळ काळजीपोटी विचारते आहे.

दादा (टेम्पी): आत्या, तुझी काळजी समजते, पण फलक आम्ही दोघांनी विचारपूर्वक लावला आहे. आमच्याकडे ३० मतदारसंघ असून प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी निवडून जातात. त्यांची मुदत दोनच वर्षांची असल्यामुळे आमच्या गल्लीत फलक येतात आणि जातात, आणि समोरच्या घरात विरोधी उमेदवाराचा फलक असूनही आमचे त्यांच्याशी उत्तम जमते.

थोरले काका (सातारा): सुरक्षिततेचा प्रश्न दुय्यम आहे. माझा मूळ मुद्दा असा की, जी व्यक्ती देव मानत नाही ती शपथ कशाची घेणार, आणि ती मोडली तर तिला भीती कोणाची?

धाकटे काका (पुणे): अण्णा, आपल्याच राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आमदारासाठी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत. करुणानिधी आपले निरीश्वरवादी विचार न लपवता तमिळनाडूच्या विधानसभेवर तेरा वेळा निवडून आले. केरळमध्ये तर याच्या उलट घडले. कोडुंगल्लूरहून २००१ साली निवडून आलेल्या आमदाराने श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली आणि न्यायालयाने ती अवैध ठरवली. तेव्हा देवाचे नाव न घेता केलेले दृढकथन चालते, परंतु गुरूचे नाव घेऊन केलेली शपथ चालत नाही, अशी आपल्या कायद्याची स्थिती आहे.

थोरले काका (सातारा): कायदा मलाही वाचता येतो. मी भीतीबद्दल विचारले होते. बाकी, आबांच्या वर्षश्राद्धाला ज्याला पुण्याहून साताऱ्यापर्यंत येणे जमले नाही, त्याने दृढकथनाचे माहात्म्य सांगावे हे ओघानेच आले.

धाकटे काका (पुणे): आबांच्या आजारपणातले सहा महिने ते कोणाच्या घरी होते, हे या ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी उत्तर देत नाही.

ताई (नाशिक): दोन्ही काकांना माझी हात जोडून विनंती आहे की, विषय दादाच्या अंगणातल्या फलकाचा आहे, तो तिथेच राहू द्यावा. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत १९५८ साली नास्तिक उमेदवाराला अध्यक्षपदासाठी मत देण्यास तयार असलेले अमेरिकन १८ टक्के होते आणि २०१९ साली ते ६० टक्के झाले. म्हणजे तेव्हाही दहांपैकी चार जण तेवढ्या एका कारणाने पाठ फिरवत होते. तरीही या बाई ते उघड का सांगतात, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे, कारण घरात काय मानायचे ते घरात ठेवता येते.

दादा (टेम्पी): प्रश्न रास्त आहे. बाकीचे उमेदवार आपले चर्च आणि आपली प्रार्थना पत्रकावर छापतात, तेव्हा त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्याच राज्याच्या विधिमंडळातून पुढे गेलेल्या कर्स्टन सिनेमा २०१२ साली काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या, त्या वेळी त्या उघड नास्तिक सदस्य ठरणार अशा बातम्या येताच त्यांच्या कचेरीने ते विशेषण नाकारले. धर्माच्या रकान्यात काही न लिहिणे चालते, पण तोंडाने म्हणणे महागात पडते, हे त्यांना ठाऊक असावे. टेक्सास, टेनेसी, मेरीलँड अशा काही राज्यांच्या घटनांत ईश्वर न मानणाऱ्याला पदापासून दूर ठेवणारी कलमे आजही छापलेली आहेत. मेरीलँडमधील एका नोटरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती निष्प्रभ केली, तरी पुस्तकातून ती गेलेली नाहीत.

आत्या (डोंबिवली): हे सर्व मान्य केले तरी सूनबाई रोज पोथी वाचतात. त्यांनाही हे पटले आहे की नवऱ्यासाठी गप्प आहेत?

वहिनी (टेम्पी): आत्या, फलक आणायला मीच गेले होते. मी मॅरिकोपाच्या महागणपती मंदिरात नेमाने जाते आणि ते सोडण्याचा माझा विचार नाही. परंतु इथे आपण मूठभर आहोत, हे डोंबिवलीत बसून जाणवत नाही. २००७ साली वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये हिंदू पुरोहित राजन झेद प्रथमच हिंदू प्रार्थना म्हणत असताना प्रेक्षकसज्जातून तिघांनी आरडाओरडा करून ती बंद पाडण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक करावी लागली. २०१३ साली आमच्या टेम्पीचे प्रतिनिधी हुआन मेंडेझ यांनी सभागृहाच्या आरंभीच्या प्रार्थनेच्या वेळी देवाचे नाव न घेता, मान खाली घालण्याऐवजी एकमेकांकडे पाहण्याची विनंती केली, तर दुसऱ्या दिवशी एका सदस्याने आदल्या दिवसाची भरपाई म्हणून वेगळी प्रार्थना म्हणून घेतली. २०१७ साली प्रतिनिधी अथीना सालमन यांच्या आरंभीच्या निवेदनात कोणत्याही उच्च शक्तीचा उल्लेख नव्हता, म्हणून ते प्रार्थना म्हणून ग्राह्य धरले गेले नाही. माझ्या गणपतीला हरकत घेणारे आणि त्यांच्या निरीश्वर बोलण्याला हरकत घेणारे मला एकाच पठडीतले वाटतात. या बाई माझ्या देवाला मानत नाहीत, पण दुसऱ्या कोणाचा देव माझ्या मुलांच्या शाळेत बसवणारही नाहीत, एवढे मला पुरते.

थोरले काका (सातारा): सूनबाईंचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. तथापि माझा मूळ मुद्दा अनुत्तरित राहिला आहे की, शपथ मोडली तर भीती कोणाची?

धाकटे काका (पुणे): मतदारांची, अण्णा, आणि तीही दर दोन वर्षांनी. देवाच्या साक्षीने शपथ घेऊन पक्ष बदललेले आमदार आपण काही कमी पाहिलेले नाहीत. मात्र दादालाही एक सांगतो. देव न मानणे ही पात्रता नव्हे. ज्यांच्या हाती मी सोसायटीच्या पाण्याचा पंपही देणार नाही, असे काही नास्तिक माझ्या ओळखीचे आहेत. केवळ त्यासाठी मत देणार असाल तर तेही धर्म पाहून दिलेले मतच झाले.

दादा (टेम्पी): म्हणूनच मी उमेदवार बाईंना आधी शाळांबद्दल विचारले. ॲरिझोनाने २०२२ पासून सर्वच शालेय मुलांना खासगी शिक्षणासाठी सरकारी पैसा खुला केला आणि तो धार्मिक शाळांनाही जातो. बाईंची भूमिका अशी की, ज्या शाळेत सरकारी पैसा जातो तिने हिशेब सर्वांसमोर मांडावा, मग ती चर्चची असो वा नसो. भूजलाबद्दलचे त्यांचे उत्तर मला कच्चे वाटले आणि तसे मी त्यांना कळवलेही.

धाकटे काका (पुणे): तर मग माझ्याकडून पाच हजार रुपये त्यांच्या निधीत जमा करावेत.

वहिनी (टेम्पी): काका, मनापासून आभार, पण ते घेता येणार नाहीत. नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या परदेशी व्यक्तीने इथल्या कोणत्याही निवडणुकीत, राज्याच्यासुद्धा, पैसे देणे बेकायदा आहे, आणि आमच्या नावाने दिलेत तरी तो गुन्हाच ठरेल.

थोरले काका (सातारा): धाकट्याला निदान अमेरिकेच्या कायद्याने तरी आवरले.

ताई (नाशिक): काका, आज प्रथमच आपण दोघे एका ओळीत हसलात, याची नोंद घेत आहे.

आत्या (डोंबिवली): मी अजून हसलेले नाही. मंदिरातल्या मंडळींनी विचारले तर काय सांगणार?

वहिनी (टेम्पी): विचारले आहे. दोघी जणी रागावल्या, एकीने स्वतःच्या अंगणासाठी फलक मागून घेतला आणि बाकीच्यांनी नोव्हेंबरपर्यंत हा विषय मंदिरात काढायचा नाही असे ठरवले. शनिवारी उमेदवार बाई आमच्या गल्लीतल्या मतदारांना भेटायला आमच्याच घरी येणार आहेत.

आत्या (डोंबिवली): गौरींचा फराळ उरला असेल तर त्यांच्यापुढे ठेव, आणि करंजी देताना नैवेद्याची आहे हे आधी सांग, म्हणजे घ्यायची की नाही ते त्यांचे त्या ठरवतील.

थोरले काका (सातारा): सूनबाई, शनिवारी माझा मूळ प्रश्न त्यांना इंग्रजीत विचारावा आणि उत्तर कोणतीही काटछाट न करता ग्रुपवर टाकावे. धाकट्याने त्यात भर घालू नये.