मदत हवी आहे: जुनी टक्क्यांची फाईल न मोडता मेमरी बँडविड्थचं नवीन कंट्रोल कसं द्यायचं?

अंबडचा_एक

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही बेदाणा सॉर्टिंगच्या मशीनसाठी कंट्रोल बोर्ड बनवतो, म्हणजे बेदाणा वरून पडतो, कॅमेरा बघतो, काळा किंवा देठवाला मणी दिसला की खाली हवेचा नोझल त्याला बरोबर उडवतो. सगळं मिलिसेकंदांचं काम. त्याच बोर्डावर फोटो कॉम्प्रेस करून ऑफिसला पाठवायचं कामही चालतं आणि ते काम रॅमवर तुटून पडलं की कॅमेऱ्याला डेटा वेळेवर मिळत नाही. म्हणून आमच्या चिपमध्ये बसवर एक रेग्युलेटर आहे, कामांच्या कुठल्या ग्रुपने मेमरीची किती बँडविड्थ (दर सेकंदाला होणारी डेटाची ने-आण) खायची त्यावर लगाम घालणारा. त्याचा ड्रायव्हर मी लिहिलाय, लिनक्स कर्नल ५.१० वर.

पहिल्या चिपला हार्डवेअरमध्येच १० टक्क्यांच्या पायऱ्या होत्या. मी प्रत्येक ग्रुपला 'लिमिट' नावाची एक सिसएफएस फाईल (कर्नलची सेटिंग वाचायची-लिहायची फाईल) दिली, त्यात १० ते १०० लिहायचं, संपला विषय. त्या फाईलवर मशीन बसवणाऱ्या इंटिग्रेटरने स्वतःच्या स्क्रिप्ट लिहिल्या, त्या आता कुठे कुठे आहेत ते त्यालाही नीट माहीत नाही.

मग मी शहाणपणा केला. गेल्या सीझनला अपडेट देताना वाटलं की टक्के म्हणजे काही खरं माप नाही, सरळ एमबी पर सेकंद करू, आणि तीच फाईल, तेच नाव ठेवून एकक बदललं. रिलीज नोटमध्ये लिहिलंही होतं, पण रिलीज नोट कोण वाचतं. इंटिग्रेटरची स्क्रिप्ट बूटला कॅमेऱ्याच्या ग्रुपमध्ये १०० लिहायची, तिच्या हिशोबाने १०० म्हणजे मोकळं रान. माझ्या नवीन ड्रायव्हरने ते १०० एमबी पर सेकंद समजून कॅमेऱ्याचाच गळा आवळला. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. पिंपळगावच्या शेडवरून शेठचा फोन, "तुमचं मशीन काळा मणी सोडून शेजारचा चांगला उडवतंय, ट्रेमध्ये येऊन बघा." गेलो आणि बघितलं. नाकारलेल्या मालाच्या ट्रेमध्ये सोनेरी, हिरवट असा सुंदर बेदाणा, आणि चांगल्या मालात काळे ठिपके. अपडेट तिथेच उभ्याउभ्या मागे घेतलं.

आता नवीन चिप आलीय. तिच्यात कमाल मर्यादेचं रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) ८ बिटचं आहे, म्हणजे २५६ पायऱ्या, शिवाय 'मिन' आहे, म्हणजे गर्दी झाली तरी एवढं तरी मिळेलच अशी हमी. हे दोन्ही द्यायचंय. पण जुनी फाईल आता हलवायची हिंमत नाही.

मी केलंय असं: नवीन दोन फाईली 'मॅक्स' आणि 'मिन', आकडा २५६ पैकी. जुनी 'लिमिट' तशीच, आतून भाषांतर करते, वाचताना रजिस्टरचे टक्के करून खाली राउंड, लिहिताना टक्क्यांचं रजिस्टर करून परत खाली राउंड. बेंचवर छान चाललं. पण इंटिग्रेटरची एक स्क्रिप्ट दर शिफ्टला सफाईच्या वेळी फोटोवाल्या ग्रुपची 'लिमिट' वाचून ठेवते, १०० करते, अपलोड उरकते, आणि आधीची किंमत परत लिहिते. मी 'मॅक्स'मध्ये ८० ठेवलं होतं. चार शिफ्टनंतर बघतो तर ७१. कोणी हात लावलेला नाही. हे काय आणि एकूण डिझाइनच चुकतंय का?

मखमलाबादकर

शेडवरचा किस्सा वाचून पोटात गोळा आला राव. फुकट सल्ला: एकक बदलायचं असेल तर फाईलचं नावच बदला, म्हणजे जुनी स्क्रिप्ट निदान बोंबलेल तरी. गप्प बसून चुकीचं करण्यापेक्षा फाईल सापडत नाही म्हणून आपटलेली बरी.

कर्नलवाली

दादा, ७१ चं उत्तर तुमच्या पोस्टमध्येच आहे, दोन्ही बाजूंना खाली राउंड. करून बघा कागदावर: २५६ पैकी ८० म्हणजे ३१.२५ टक्के, वाचताना ३१. परत लिहिलं ३१, म्हणजे ७९.३६, रजिस्टरमध्ये ७९. पुढच्या शिफ्टला ७९ म्हणजे ३०.८६, वाचताना ३०. ते लिहिलं की ७६. मग ७४, मग ७१. वाण्याच्या तराजूसारखं, दर वेळी थोडं त्याच्याच बाजूला.

दोन्हीकडे जवळच्या आकड्याला राउंड करा. तुमच्याकडे पायऱ्या २५६ आणि टक्के १००, म्हणजे टक्के बाजू जास्त जाडी आहे. त्यामुळे टक्के लिहून, रजिस्टरमध्ये जाऊन, परत वाचले की तोच टक्का मिळणार. ८० चं पहिल्यांदा ७९ होईल आणि मग तिथेच थांबेल. घसरगुंडी बंद.

मुळात डिझाइन चुकलेलं नाही. रेसकंट्रोलमध्ये (कर्नलची कॅश आणि मेमरी बँडविड्थ वाटून देणारी सोय) हाच पेच आहे, तिथून शिकण्यासारखं आहे. इंटेलसाठी मेमरी बँडविड्थचं कंट्रोल ४.१२ मध्ये आलं, २०१७ साली, स्कीमाटा नावाच्या सेटिंगच्या फाईलमध्ये 'एमबी:०=५०;१=१००' असं टक्क्यांत (इथे एमबी म्हणजे मेमरी बँडविड्थ, मेगाबाइट नाही). लिहिलेला आकडा पायरीत बसला नाही तर पुढच्या पायरीला जातो आणि पायरी किती ते 'इन्फो' डिरेक्टरीत वेगळ्या फाईलीत मिळतं, किमान किती तेही मिळतं. नंतर ५.० मध्ये एएमडी आलं, तेव्हा तीच 'एमबी' ओळ, पण आकडा टक्क्यांचा नाही, एक अष्टमांश जीबी पर सेकंदचा, म्हणजे १६ लिहिलं की २ जीबी. आता सांगा, फक्त स्कीमाटा वाचून ५० म्हणजे काय ते कळतं का? कोणत्या कंपनीचा प्रोसेसर आहे ते आधी बघावं लागतं. तुमच्या शेडवर झालं ते याचंच गावठी रूप.

बाइटबहाद्दर

टक्क्यांना शिव्या देणं बरोबरच होतं तुमचं, फक्त रस्ता चुकला. इंटेलवाला टक्का हा कोअरच्या जवळ ब्रेक लावतो, अख्ख्या मेमरीचा टक्का नाही तो. डॉक्युमेंटेशनमधलंच उदाहरण आहे की एका थ्रेडला १० टक्के दिले आणि चार थ्रेडना १० टक्के दिले तर एक १० जीबी पर सेकंद आणि दुसरे मिळून ४० पर्यंत खाऊ शकतात. टक्का तोच. लोकांची तक्रार आल्यावर ४.१८ मध्ये एमबीपीएसवाला मोड आला, कर्नल काउंटर वाचून स्वतः टक्के वरखाली करतो. पण तो माउंट करताना वेगळा ऑप्शन देऊन मागावा लागतो! जुन्या पद्धतीने माउंट केलं तर जुनेच टक्के. तुम्ही हे न मागता सगळ्यांना वाढलंत, तिथे घोळ झाला.

जुना_सिस्टीमवाला

रेसकंट्रोलच का वापरत नाही? आर्म प्रोसेसरमधली मेमरी वाटून देणारी सोय, एमपॅम, त्याचसाठी आहे ना.

अंबडचा_एक

@जुना_सिस्टीमवाला, आमच्या चिपमध्ये एमपॅम नाहीये, बसवर चिपवाल्याचा स्वतःचा ब्लॉक आहे. आणि बोर्ड ५.१० वर, सीझनच्या तोंडावर कर्नल बदलायला कोणी देणार नाही.

@कर्नलवाली ताई, राउंडिंग बदललं. लाज वाटली, शाळेतलं गणित होतं. पण मिनचं अजून कळत नाही. समजा कोणी नवीन फाईलीतून मिन १२८ ठेवलं आणि मग जुन्या स्क्रिप्टने 'लिमिट'मध्ये ३० लिहिलं, तर मॅक्स झालं ७७ आणि मिन १२८. हार्डवेअर मिनला मान देतं असं दिसतंय, म्हणजे जुन्या स्क्रिप्टला वाटतं मी ३० टक्क्यांवर बांधलं आणि ग्रुप निम्मी बँडविड्थ खातोय. एरर परत करू का?

मखमलाबादकर

जुन्या स्क्रिप्टला एरर देऊ नका बुवा, तिला ३० लिहून कधीच एरर आलेली नाही, ती तपासतही नसणार.

कर्नलवाली

बरोबर. युजरस्पेस (कर्नलवर चालणारे लोकांचे प्रोग्राम) मोडायचं नाही हा लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्सचा नियम लोक फक्त फाईल काढून टाकण्यापुरता समजतात. काल चालणारी गोष्ट आज एरर देते, तेही मोडणंच. आणि एरर न देता वेगळं वागते ते तर अजून वाईट. जुन्या स्क्रिप्टच्या डोक्यात मिन नावाची चीजच नाही, तिच्यासाठी ३० म्हणजे ३० च्या वर नाही, एवढं वचन पाळलं पाहिजे.

मी असं करीन. मागितलेलं आणि लागू केलेलं वेगळं ठेवा. ड्रायव्हरच्या आत ग्रुपमागे मागितलेला मॅक्स आणि मागितलेला मिन असे दोन आकडे. हार्डवेअरमध्ये मिन टाकताना दोन्हींतला लहान टाकायचा. म्हणजे स्क्रिप्टने ३० लिहिलं की लागू होणारा मिनही ७७ वर येतो, आणि परत १०० केलं की १२८ आपोआप परत. काही पुसलं जात नाही. शिवाय नवीन फाईली वापरणाऱ्याला आधी मॅक्स लिहू की आधी मिन, हा क्रमाचा वैताग राहत नाही. सिसएफएसला एका फाईलीत एकच किंमत हा दंडक आहे, त्यामुळे दोन्ही एकदम लिहिता येत नाहीत, क्रम कोणताही चालला पाहिजे.

आणि २५६ हा आकडा कोणाच्या स्क्रिप्टमध्ये जाऊ देऊ नका प्लीज. तिसरी फाईल द्या, फक्त वाचायची, 'पायऱ्या', तिच्यात २५६. एमपॅममध्ये बघा, कमाल मर्यादा अपूर्णांकात असते आणि त्यातले किती बिट खरे ते चिपगणिक बदलतं, १ पासून १६ पर्यंत काहीही, म्हणून ती रुंदी हार्डवेअरलाच विचारावी लागते. तुमची पुढची चिप ६ बिटची निघाली तर?

बाइटबहाद्दर

यापेक्षा सगळं आयऑक्टलमध्ये (ड्रायव्हरला थेट हुकूम देणारा कॉल) स्ट्रक्ट, म्हणजे आकड्यांचा एकत्र गठ्ठा, देऊन करा ना, आत साइजचं फील्ड. प्रोसेसचं शेड्युलिंग ठरवणारा स्केड_सेटअ‍ॅट्र सिस्टीम कॉल तसाच आहे. नवीन फील्ड शेवटी जोडत जायचं. जुन्या कर्नलला मोठं स्ट्रक्ट आलं तर जादा बाइट शून्य असतील तर चालवून घ्यायचं, नसतील तर नकार. ५.४ पासून त्याला तयार हेल्पर फंक्शनपण आहे. आणि न ओळखलेला फ्लॅग आला की नकार द्यायचाच. फाईल उघडायच्या ओपन कॉलने अनोळखी फ्लॅग वर्षानुवर्षं गपचूप गिळले, शेवटी ५.६ मध्ये ओपनॅट२ वेगळा काढावा लागला.

अंबडचा_एक

स्ट्रक्टची आयडिया आवडली पण इंटिग्रेटरचा माणूस सगळं शेलमध्ये इको करून करतो, त्याला सी प्रोग्राम दिला तर तो मला शेडवरच बांधून ठेवेल. फाईलीच बऱ्या. अनोळखी गोष्टीला नकार हे मात्र घेतो, सध्या माझा पार्सर (लिहिलेलं वाचून आकडा काढणारा कोड) '५०एमबी' लिहिलं तरी ५० उचलून पुढचं सोडून देतो 🙈

एक शंका. 'लिमिट'मध्ये सध्या दिसतोय तोच टक्का परत लिहिला गेला तर हार्डवेअरला हातच लावायचा नाही असं केलं तर? म्हणजे ८० चं ७९ पण होणार नाही.

कर्नलवाली

तुमच्या स्क्रिप्टला उपयोग नाही. ती वाचते ३१, मग १०० लिहिते, मग ३१ लिहिते. शेवटच्या लिहिण्याच्या वेळी दिसत असतं १००, मग तुलना कशाशी करणार? आधीचा बारीक आकडा लक्षात ठेवून 'हा ३१ म्हणजे मघाचा ८०' असा अंदाज बांधायला लागलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच तुमचा कोड कळणार नाही. एक पायरी गेली तर जाऊ द्या. ज्याने जुन्या फाईलीतून लिहिलं त्याला जुन्या फाईलीचा जाडेपणा मिळणार, हे कागदावर लिहून टाका. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एबीआय (प्रोग्रामना दिलेल्या इंटरफेसची नोंद) डिरेक्टरीत स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट, रिमूव्ह्ड असे कप्पे असतात, तुमच्या रेपोत तसाच एक ठेवा. 'लिमिट' ऑब्सोलीटमध्ये जाईल, रिमूव्ह्डमध्ये मात्र इंटिग्रेटर स्वतः सांगेल तेव्हाच.

जुना_सिस्टीमवाला

+१. आणि टेस्ट म्हणून इंटिग्रेटरची खरी स्क्रिप्टच घ्या, आपण लिहिलेली टेस्ट आपल्याला हवं तेच तपासते.

अंबडचा_एक

अपडेट. इंटिग्रेटरकडून तीन स्क्रिप्ट मागवल्या, चौथी त्याच्या कामगाराच्या पेनड्राइव्हवर निघाली. सफाईवाली स्क्रिप्ट रात्रभर लूपमध्ये २०० वेळा चालवली: ८०, ७९, ७९, ७९, सकाळीही ७९. मिन १२८ ठेवून 'लिमिट'मध्ये ३० लिहिलं, लागू झालेला मिन ७७, १०० केल्यावर परत १२८. 'पायऱ्या' फाईल जोडली.

चौथ्या स्क्रिप्टने मात्र गंमत केली, ती '५०%' असं चिन्हासकट लिहिते आणि माझा कडक केलेला पार्सर तिला हाकलून देत होता. आजवर चालत होतं म्हणजे चालू ठेवायलाच हवं, म्हणून 'लिमिट'ला जुना ढिला पार्सर परत लावला आणि कडक फक्त नवीन फाईलींना. रविवारी पिंपळगावला बोर्ड बदलायला जातोय. शेठने सांगितलंय की या वेळी आधी रिकामा ट्रे दाखवायचा आणि मगच चहा.