दुबई ते लॉस एंजेलिस: विमान उत्तर ध्रुवाकडे का वळतं?

प्रश्न: लेकीकडे जाताना समोरच्या पडद्यावर पाहिलं, तर विमान थेट उत्तरेला निघालेलं! दोन्ही शहरं कर्कवृत्ताच्या थोडी वर. मग सरळ पश्चिमेला का नाही? नकाशावर पट्टी ठेवून पाहिली, तरी उलगडेना. खरं अंतर किती?

उत्तर: पट्टी बाजूला ठेवा, पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. दोन शहरांच्या रेखांशांत जवळपास १७३ अंशांचा फरक आहे, म्हणजे ती ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. ध्रुवाजवळून अंतर सुमारे १३,४०० किमी भरतं. अक्षवृत्ताला धरून गेलात तर पावणेसतरा हजारांच्या आसपास. सपाट नकाशा ध्रुवाकडचा भाग ताणून दाखवतो, म्हणून जवळची वाट लांबची वाटते.

उत्तर: एक भर. हे किमान अंतर झालं. वारे आणि बंद हवाई हद्दी पाहून मार्ग रोज ठरतो, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच उडावं लागतं.

प्रश्नकर्ती: आत्ताच दोरा ताणला. इराण, रशिया, ध्रुवाच्या अगदी शेजारून कॅनडात उतरला! खिडकीतून दिसलेला तो अखंड बर्फ कुठला होता, ते आज कळलं. नातवाला पृथ्वीगोलच पाठवते.