अनुभव धागा: शाळेसाठी पोरांनी ऑनलाइन वाद घालावा का? नागपूरकरांनो, झालेलं सांगा

तर्रीपोहे (धागाकर्ती)

मुलगी आठवीत आहे. शनिवारच्या पालकसभेत बाईंनी हातात एक कागद दिला. यंदा वर्गाची वादविवाद स्पर्धा स्टेजवर नाही, ऑनलाइन. मुलं दोन आठवडे लिहून वाद घालणार, एकमेकांचे मुद्दे खोडणार, आणि त्याचे गुण सहामाहीत धरणार. कागदावर दोन चौकोन आहेत. पहिला, फक्त वर्गापुरत्या बंद गटाचा. दुसरा, ‘सरावासाठी’ बाहेरच्या खुल्या साइटवर खातं काढायच्या परवानगीचा. खाली पालकांची सही. शुक्रवारपर्यंत परत द्यायचा आहे.

मी शाळेत असताना वक्तृत्वाची फिरती ढाल आणली होती, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे. आमचं वक्तृत्व म्हणजे शुद्ध घोकंपट्टी. भाषण बाबांनी लिहायचं, मी आरशासमोर पाठ करायचं. चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी. आधीचा स्पर्धक काय बोलला ते मी कधी ऐकलंच नाही. ऐकलं तर आपलं विसरायची भीती! वादविवाद स्पर्धेतही ‘माझ्या प्रतिस्पर्धी मित्राने म्हटल्याप्रमाणे’ हे वाक्य घरूनच लिहून नेलेलं असे, मित्र काहीही म्हणो. त्यामुळे समोरच्याचं वाचून त्याला उत्तर द्यायचं ही कल्पना मला मनापासून आवडली. पहिल्या चौकोनात टिक केली. दुसऱ्याशी पेन अडकून बसलं आहे.

त्यात विषय ‘वेगळा विदर्भ व्हावा का?’ चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या, लेकीला ‘होऊ नये’ आली. घरात माझे सासरे, आबा. कस्तुरचंद पार्कात वेगळ्या विदर्भाचे नेते जांबुवंतराव धोट्यांची भाषणं ऐकत मोठे झालेले. नातीशी दोन दिवस बोलले नाहीत.

तुमच्या पोरांनी असं काही केलं असेल, किंवा तुम्ही स्वतः, तर लिहा. सल्ले नकोत, ते व्हॉट्सअॅपवर भरपूर मिळतात.

महालकर

मी ३४ वर्षं शिकवलं, आता घरी बसून सुनेच्या वायफायवर जगतो. पाठांतराला इतकंही नावं ठेवू नका ताई. त्यानं जीभ वळते, ‘ळ’ आणि ‘ण’ जागेवर येतात. पण तुमचं ते न ऐकण्याबद्दलचं म्हणणं खरं आहे, परीक्षक म्हणून मीही दोनदोन तास न ऐकता बसलो आहे.

आमच्या शाळेत व्हरांड्यातल्या फळ्यावर आम्ही हाच प्रकार कागदावर चालवला होता. सोमवारी एक विधान डकवायचं. ज्याला पटत नाही त्यानं मंगळवारी शेजारी आपला कागद डकवायचा, शनिवारपर्यंत फळा भरायचा. मधल्या सुट्टीत पोरं डबा हातात घेऊन उभ्यानं वाचायची. एके दिवशी एका मुलानं मुद्दा संपला म्हणून दुसऱ्याच्या वडिलांच्या दारूबद्दल लिहिलं. आमच्या शिपायानं सकाळी झाडताना ते पाहिलं आणि प्रार्थनेच्या आधी कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्या दुसऱ्या मुलाला ते आजतागायत माहीत नाही.

ऑनलाइनला माझा तेवढाच प्रश्न आहे. सकाळी झाडायला कोण येतं?

मिहान_रिटर्न्स

मी सांगतो भाऊ, कोणीच येत नाही.

पोरगा तेरा वर्षांचा. शाळेनं सांगितलं होतं, इंग्रजीत वाद घालायची सवय करा. यानं एका परदेशी साइटवर खातं काढलं आणि जन्मसाल टाकलं २००५. विचारलं तर म्हणतो, ‘बाबा, खरं टाकलं तर काही सेक्शन उघडतच नाहीत.’ विषय होता शाळेत गणवेश असावा का. पहिले चार दिवस मीच कौतुकानं वाचत होतो. मग तो रात्री एक-एक वाजेपर्यंत जागायला लागला, कारण समोरचे लोक तेव्हा जागे होतात. आपण झोपलो तर आपण हरलो असं दिसेल, ही त्याची काळजी.

त्यात एक जण फार गोडीनं बोलायचा. तू छान लिहितोस, कुठं शिकलास, वगैरे. मग खाजगी मेसेज. मग ‘तुला ट्रॉफी मिळाली म्हणालास, फोटो टाक ना.’ यानं टाकला. ट्रॉफीवर शाळेचं नाव, मागे भिंतीवर शाळेचं वेळापत्रक. पुढच्या मेसेजमध्ये त्या माणसानं शाळा सुटायची वेळ लिहून पाठवली, नुसती गंमत म्हणून. बायकोच्या हातात फोन होता म्हणून दिसलं.

पुढे काही झालं नाही. खातं बंद केलं, तक्रार केली, साइटकडून ‘आम्ही पाहतो’ असं छापील उत्तर आलं. शाळेत बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आम्ही साइटचं नाव सुचवलं नव्हतं. बरोबर आहे, नव्हतंच सुचवलं. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर तेव्हापासून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

त्या रागात मी कायदा वाचून काढला. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच आहे, आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती लागेल असं म्हटलं आहे. साइटवरचं ते ‘१३ वर्षे पूर्ण’ अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आलेलं आहे. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून मोठ्या समाजमाध्यमांवर १६ च्या खाली खातंच नको म्हटलं. आणि आमच्या घरात हे सगळे कायदे एका खोट्या जन्मसालापुढे आडवे झाले.

दुसरा चौकोन कोरा सोडा ताई. सल्ला दिला, माफ करा.

इंदोऱ्याची

मिहान भाऊंचं वाचून पोटात गोळा आला. तरी माझं थोडं वेगळं आहे. मी आता बी.ए.ला आहे, नववीत होते तेव्हाचं सांगते.

वर्गात आरक्षण हा विषय निघाला की चाळीस डोकी हळूच माझ्याकडे वळायची. सर ‘कोणाला बोलायचं आहे?’ असं सगळ्यांना विचारायचे, बघायचे माझ्याकडे. मी उठले की विषय बाजूला राहायचा, मी पक्षकार व्हायची. ऑनलाइन मी टोपणनाव घेतलं, आडनाव नाही. पहिल्यांदाच माझं वाक्य नुसतं वाक्य म्हणून वाचलं गेलं. एकानं तर मला ‘दादा, पुण्याचे का?’ विचारलं. मी दोन दिवस हसत होते.

तिथं एकानं नेहमीचं लिहिलं, की बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी दिलं होतं. वर्गात हे ऐकलं की माझा घसा कोरडा पडायचा. इथं मला वेळ होता. बाबांच्या कपाटातलं संविधान काढलं, अनुच्छेद शोधला. दहा वर्षांची मुदत मुळात अनुच्छेद ३३४ मध्ये होती, आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची आहे. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला, म्हणजे १५(४) आणि १६(४) ला, अशी मुदत लिहिलेलीच नाही. राखीव जागांची मुदत संसद दर वेळी वाढवत आली, शेवटची वाढ २०३० पर्यंतची. हे सगळं मी थंड डोक्यानं, शिवी न देता लिहिलं. तो म्हणाला, ‘हे मला माहीत नव्हतं.’ बस, एवढंच. आजवर प्रत्यक्षात मला हे वाक्य कोणी म्हटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरे लोक आले. त्यांनी काय लिहिलं ते इथं लिहिणार नाही. आईनं वाचलं आणि काही न बोलता भाकरी थापत राहिली. मोठा भाऊ म्हणाला, खातं बंद करायचं नाही, पण पासवर्ड माझ्याकडे, तू लिही, आलेलं मी आधी वाचणार. तसं आम्ही वर्षभर केलं.

मला कोणी विचारलं की धाकट्या बहिणीला देशील का, तर मला अजून सांगता येत नाही.

पानठेला

आमच्या वेळी पानठेल्यावर वाद व्हायचे, हरला त्यानं तंबाखूचा खर्रा चारायचा. मॉडरेटर ठेलेवाला.

महालकर

आणि आठवीच्या पोरांना तिथं उभं करायला तुम्ही पाठवलं असतं का?

पानठेला

नाही सर. 🙏

पेंचकाठची_गुरुजी

मी पारशिवनी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्याकडे प्रश्नच वेगळा. घरात फोन एक, तो बाप वावरात घेऊन जाते. गेल्या वर्षी शहरातल्या एका शाळेतल्या मैत्रिणीशी बोलून आम्ही दोन वर्गांचा बंद गट केला. माझा फोन, माझाच हॉटस्पॉट. पोरं कागदावर लिहायची, मी टाइप करायची. विषय ‘वाघ आधी की शेती?’

पहिल्या दिवशी माझ्या एका पोट्ट्यानं लिहिलं, ‘वाघ वाचवा म्हणता, पण आमचं वावर काऊन नाही वाचवत?’ शहरातल्यांनी त्या ‘काऊन’वर हसण्याचे सात चेहरे टाकले. माझ्या वर्गानं ते फोनवर पाहिलं आणि सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी कोणी कागदच देईना. मी मैत्रिणीला सांगितलं, तिनं वर्गात काय केलं माहीत नाही, पण चेहरे गेले.

मग शहरातल्यांनी जोरदार लिहिलं. अन्नसाखळी, जैवविविधता, पर्यटनातून रोजगार. सगळं बरोबर, सगळं नेटवरचं. एक मुलगी शेवटी म्हणाली, पिकाची नुकसानभरपाई मिळते, मग तक्रार कशाची? त्यावर आमच्या सातवीतल्या पोरीनं लिहून दिलं: ‘डुक्कर रात्री येते. आम्ही अर्ज सकाळी देतो. पंचनाम्याले साहेब येतपर्यंत उरलेलं पीक काढाव का तसंच ठेवाव? काढलं तर पुरावा गेला. ठेवलं तर डुक्कर परत येते.’

मी ते जसंच्या तसं टाइप केलं, एक अक्षर सुधारलं नाही. पलीकडून एक दिवस उत्तर आलं नाही. मग विचारणा आली, ‘पंचनामा म्हणजे नक्की काय असतो?’ पुढचे चार दिवस वाद बंद आणि चौकशीच चालली. कुंपण कशाचं, मचाणावर कोण झोपते, भीती वाटते का. माझ्या पोरांना गुण किती मिळाले ते आठवत नाही. त्या पोरीला मात्र आता शाळेत सगळे ‘पंचनामा’ म्हणतात, आणि ती ओ देते.

दहावी_ब

मी विद्यार्थी आहे, काका-काकू लोकांनो. खरं सांगू? आमच्या गटात निम्मे जण एआयकडून लिहून आणतात. ‘बहुआयामी’ आणि ‘समतोल दृष्टिकोन’ आलं की समजायचं. एकदा दोन्ही बाजूंनी एकच उपमा आली. सरांनी मग नियम केला: लिहिलेल्यातला कोणताही मुद्दा वर्गात उभं करून विचारणार, वही बंद. तेव्हापासून पोरं कमी लिहितात. माझी एन्ट्री तीन ओळींची होते. पण त्या तीन ओळी मला रात्री उठवून विचारल्या तरी येतात.

लॉ_कॉलेज

मी रेडिटवरच्या ‘चेंज माय व्ह्यू’ या गटात बरीच वर्षं आहे. तिथला नियम मला भारी वाटतो. आपलं मत मांडल्यावर पहिल्या तीन तासांत येणाऱ्या उत्तरांना प्रतिसाद द्यायचा, आणि कोणी आपलं मत थोडं जरी हलवलं तर त्याला ‘डेल्टा’ म्हणजे त्रिकोणाचं चिन्ह द्यायचं. मत बदलणं तिथं हार धरत नाहीत. आपल्या स्पर्धांत ‘तुझं पटलं’ म्हणायला जागाच नसते, म्हटलं तर गुण कापतील.

तरी माझा भाऊ नववीत आहे, त्याला मी तिथं वाचायला देतो, लिहायला नाही. शेजारी बसून वाचतो. ‘यानं कुठं गंडवलं ते शोध,’ असा खेळ. हळूहळू माझंच शोधायला लागला आहे.

तर्रीपोहे

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. कागद काल दिला. पहिल्या चौकोनात टिक, दुसऱ्यावर फुली. खाली समासात बाईंना विचारलं आहे, की गटात आलेलं रोज कोण वाचणार आणि किती वाजता. महालकर सर, तो तुमचा शिपाई.

गट सुरू झाला. लेकीनं पहिल्याच मुद्द्यात नागपूर करार, म्हणजे विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठीचा करार, १९६० चा लिहिला. तासाभरात वर्गातल्या एका मुलानं खाली टाकलं, ‘२८ सप्टेंबर १९५३. १९६० महाराष्ट्राचं.’ ती रडकुंडीला आली, मग आबांच्या खोलीत गेली. दोन दिवसांचा अबोला तिथं संपला. आबांनी करार, राज्य पुनर्रचना आयोग, त्यानं १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची केलेली शिफारस, सगळं सांगितलं, अर्थात आपल्या बाजूनं. हिनं ते ऐकून घेतलं आणि विरुद्ध बाजूनं लिहिलं: करारात विदर्भाला वाटा देऊ, दर वर्षी नागपुरात अधिवेशन घेऊ असं ठरलं होतं, मग मागायचा तर करार पाळायचा हिशेब मागा, घर कशाला मोडता?

आबांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. ‘पोरीनं माझीच काठी घेतली,’ म्हणाले.

आज सकाळपासून त्यांचं एकच चाललं आहे, त्यांनाही गटात खातं हवं आहे. गट फक्त वर्गातल्या मुलांसाठी आहे हे तीनदा सांगून झालं. जन्मसाल काय टाकायचं ते नातीला विचारत आहेत.